जिथले जीव तिथे

“अडीचशे मिलीच्या खाली पॅकिंग येत नाही, ताई.”

“पण मला चारच थेंब हवेत.”

रोनकने मोबाइलमधून मान वर काढली आणि तिथेच त्याचा घात झाला. काउंटरच्या पलीकडे भिजलेली पोपटी ओढणी पिळत एक मुलगी उभी होती. नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब लोंबत होता, आणि तो पडतोय की राहतोय याची तिला काडीची पर्वा नव्हती. आता सोनगीरच्या बाजारातलं रिखबचंदशेठचं बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान म्हणजे टोप्या आणि पागोट्यांचं राज्य. तिथे अशी पाहुणी वर्षातून एकदासुद्धा फिरकत नाही. आणि फिरकली तर हा बावळट तोंडही न बघता “ताई” म्हणून मोकळा! पुढे तो शब्द परत कसा घ्यावा या विवंचनेत बिचाऱ्याचे आठ दिवस गेले.

“कापूस किती एकर?” त्याने विचारलं. या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो.

“एकर नाही. टब. सहा.”

“टबात कापूस लावलाय?”

“टबात बेडूकमासे आहेत. बेडकाची पिल्लं. शेपटीवाली.”

“मग त्यांना... अळी लागलीय?”

“अळी नाही,” ती गोड हसून म्हणाली, “तुम्ही लागलाय त्यांना.”

मुलीचं नाव सुलक्षणा पाटील. शिरपूरकडच्या एका गावातल्या हिलाल पाटलांची लेक. धुळ्यात देवपूरला खोली घेऊन राहायची आणि कॉलेजात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष करायची. फवारणीनंतर पंप नाल्यावर धुतात, शेतातलं पाणी वाहून नाल्यातच येतं, मग त्या पाण्यात वाढणाऱ्या बेडूकमाशांचं काय होतं, हा तिचा प्रबंध. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. मग शेल्फावरच्या एका बाटलीकडे बोट केलं.

“ह्याला तुम्ही काय म्हणता?”

“औषध.”

“ह्यानं बरं कोण होतं?”

तेवढ्यात नेहमीचं गिऱ्हाईक, झुलाल आबा, छत्री झटकत आत आले. “शेठ, असं कडक औषध दे भो, बठ्ठ्या अळ्या मरी जातीन!” त्यांना बघून रोनकला हायसं वाटलं. त्याने बाटली काढून दिली आणि सवयीने नेहमीचं वाक्य फेकलं, “एक झाकण जास्तीचं टाका आबा, काम फत्ते.”

मागे वहीत पेन खरखरलं.

“काय लिहिलंत?”

“तुमचं सुभाषित. ‘एक झाकण जास्तीचं.’ प्रबंधात घालते, नावानिशी.”

अशा मुलीवर माणूस एक तर चिडतो, नाही तर जन्माचा अडकतो. रोनक चिडला नाही.

दुकानात आलेल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय सोडायचं नाही ही तारादेवींची, म्हणजे रोनकच्या आईची, शिस्त. त्यांनी तांब्या-फुलपात्र आणलं. सुलक्षणाने घोट घेतला आणि डोळे मोठे केले. “हे नळाचं नाही?”

“आडाचं, बेटी. मागच्या अंगणातला आड. आणि आमच्याकडे गाळल्याशिवाय थेंब प्यायचा नाही.”

पोरीचा चेहरा असा उजळला की रोनकला पाण्याचाच हेवा वाटला. तिची अडचण साधी होती. कॉलेजच्या नळाला क्लोरीन मारलेलं पाणी, त्यात बेडूकमासे दोन दिवस टिकत नव्हते. तिला स्वच्छ आडाचं पाणी हवं होतं आणि सहा टब ठेवण्यापुरती जागा. “मी म्हणत होते, तुमच्या मागच्या अंगणात जर—”

“ठेवा ना!” रोनक म्हणाला. वाक्य तर पुरं होऊ द्यायचं!

रिखबचंदशेठ गादीवरून कुरकुरले. “आपल्याच अंगणात आपल्याच मालाची तपासणी?”

“कॉलेजचं काम आहे, पप्पा. नाव होईल.”

“कसलं नाव होतं तेवढं बघ म्हणजे झालं,” शेठ म्हणाले आणि पुन्हा फोनवर लागले.

आणि तारादेवींना? त्यांना रोनकने एवढंच सांगितलं की कॉलेजची मुलगी आहे, छोटे छोटे जीव पाळायचेत. “पाळायचेत होय? मग ठेव की,” तारादेवी खूश झाल्या. सहापैकी पाच टबांत रोज मोजून विषाचे थेंब पडणार आहेत, हे सांगायचं त्याने शिताफीने टाळलं. हे त्याचं पहिलं अर्धं खोटं. अर्धं खोटं स्वस्त पडतं असं वाटतं आपल्याला, पण तसं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला अंगणाच्या फाटकाशी स्कूटी वाजायची. देवपूरहून सोनगीर, मुंबई-आग्रा रस्त्याने, रेनकोटातून फक्त दोन डोळे दिसायचे. त्या दोन डोळ्यांसाठी रोनक साडेसहालाच दाढी करून तयार! इतके दिवस नऊला उठणारा मुलगा, शेठना वाटलं, पोराला धंद्याची गोडी लागली.

पहिल्या टबात नुसतं आडाचं पाणी. बाकी पाचांत वेगवेगळे थेंब. रोज पाणी बदलायचं, मेलेले बाजूला काढायचे, जिवंत मोजायचे, आणि शेवटी सुलक्षणा एक मऊ कुंचला घेऊन एकेकाच्या शेपटीला हलकेच स्पर्श करायची. पहिल्या टबातले असे सुळ्‌कन पळायचे की पाणी हलायचं. पाचव्या-सहाव्यातले जागचे हलत नसत. काही तर नुसते गोल गोल फिरत राहायचे, स्वतःभोवतीच.

“असे का करतात?” रोनकने विचारलं.

“अंगातल्या तारा तुटल्यासारखं होतं त्यांचं. पळावं हे कळतं, कुठे ते कळत नाही. मरत नाहीत लगेच. पण असा नाल्यात फिरत राहिला तर पहिला बगळा येऊन उचलणार.” मग तिने तोच ओला कुंचला अचानक त्याच्या मनगटावर टेकवला. तो दचकून मागे सरला.

“तू ठीक आहेस,” तिने वहीत खूण केली.

तू! रोनकने तो शब्द दिवसभर जिभेखाली चघळला. कोणत्या गिऱ्हाइकाला काय दिलं त्याचं त्याला भान राहिलं नाही.

पण सगळ्याच सकाळी काही गुलाबी नव्हत्या हं. एकदा तारादेवींनी पोह्यांची बशी आणून ठेवली. सुलक्षणाने एक घास खाऊन विचारलं, “कांदा नाही?”

“आम्ही जैन, नाही खात. कांदा, बटाटा, जमिनीखालचं काही नाही. उपटताना जीव मरतात ना.”

सुलक्षणाने हळूच मान वळवून गोडाऊनच्या उघड्या दाराकडे बघितलं. आत छतापर्यंत खोकी रचलेली, प्रत्येकावर जहाल विषाचा लाल त्रिकोण. न बोलताच बोलली, आणि ते रोनकला पोह्यांबरोबर गिळावं लागलं.

“तुला काय वाटतं, मला कळत नाही?” तो हळू आवाजात म्हणाला. “पण फवारलं नाही तर झुलाल आबांचा कापूस उभा करपतो. तेही जीवच आहेत.”

“माझे आबासुद्धा फवारतात रे,” ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “मी कुणाला गुन्हेगार म्हणत नाहीये. लहानपणी आमच्या शेताच्या डबक्यात बेडूक इतके ओरडायचे की आबा चिडायचे, झोप लागू देत नाहीत म्हणून. आता एक ओरडत नाही. आणि आबांना तरीसुद्धा झोप येत नाही. मला फक्त किती थेंबांनी काय होतं ते खरं खरं लिहायचंय. खरं लिहिलं की पुढचा माणूस झाकण मोजून टाकेल, एवढंच.”

त्या दिवसापासून रोनकच्या तोंडून ‘एक झाकण जास्तीचं’ गेलं. उलट तो बाटलीवरचं मोठ्याने वाचून दाखवायला लागला. झुलाल आबा म्हणाले, “शेठ, तुले बरं नही का?”

तिच्या प्रबंधाला चाळीस दिवसांची नोंद लागायची. मध्ये खंड पडला तर वर्ष गेलं, कारण बेडूक काही परीक्षेच्या तारखा बघून अंडी घालत नाहीत. आणि वडिलांनी, हिलाल आबांनी, शिकायला दोनच वर्षं दिली होती. “तिसरं मागायला मला तोंड नाही,” ती एकदा म्हणाली होती. “एवढं झालं की पुढे पीएच.डी.ची फेलोशिप मिळेल. नाही झालं तर... शिरपूरला एक स्थळ आहे, मुलाच्या तीन जीप आहेत.” जीप हा शब्द रोनकला त्या दिवसापासून सोसेना.

सत्ताविसाव्या दिवशी पहिल्या टबावर वाकलेली सुलक्षणा किंचाळली. “पाय फुटले! रोनक, मागचे पाय फुटले त्यांना!” आणि आनंदाच्या भरात तिने त्याचा हात घट्ट धरला. इवलेसे, तांदळाच्या कणीएवढे पाय. दोघं टबात बघत राहिली... आणि बघता बघता पाण्यातल्या एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. तिने हात सोडला, पण जरा उशिरा सोडला. रोनकचे पाय त्या दिवशी जमिनीला लागले असतील तर शपथ.

त्याच दिवशी दुपारी घात झाला.

पर्युषणाचे दिवस चालू होते. तारादेवींनी अठाई केली होती, आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. आज पाचवा दिवस. रोनक धुळ्याला मालाच्या कामाला गेला होता. परत आला तर आई अंगणात पायरीवर बसलेली, चेहरा सुकलेला पण डोळ्यांत असं समाधान की बघत राहावं. आणि समोर सहा टब... पालथे.

“मम्मी, हे...?”

“सोडले रे बेटा सगळे जीव.” तारादेवी हसल्या. “मी आज पहिल्यांदा नीट वाकून बघितलं. किती तरी जीव तडफडत होते रे! पर्युषणात, आपल्या घरात! त्या मुलीला काय, पोरगी लहान आहे, पाळता येत नसेल. मग मी गाळणं घेतलं, एक एक जीव अलगद कळशीत घेतला. तू म्हणाला होतास ना, नाल्यातून आणलेत? जिथले जीव तिथे. नाल्यावर जाऊन सोडून आले.”

हे त्यांचं रोजचंच होतं. पाणी गाळलं की गाळण्यात अडकलेले बारीक जीव त्या कधी मोरीत टाकत नसत. ज्या पाण्यातले असतील त्याच पाण्यात अलगद परत सोडायचे, हा त्यांच्या धर्माचा नेम. चाळीस वर्षं आडाचं आडात. तसंच आज नाल्याचं नाल्यात.

रोनक धावत नाल्यावर गेला. काठावर औषधाची रिकामी बाटली पडली होती, पंप धुतल्याचा पांढरा फेस अजून दगडांना चिकटलेला. आणि पाण्यावर सगळे उलटे. पांढरी पोटं वर. पायवाले, बिनपायवाले, सगळे. बाटली त्याच्याच दुकानातली. सकाळी त्यानेच दिली होती.

तो किती वेळ तिथे बसला कुणास ठाऊक. परत आला तर आई त्याच जागी, जपमाळ हातात.

“बघितलेस? पळाले ना रे?”

आईचा आज पाचवा उपास. आणि हे ऐकून ती जे करून घेईल ते त्याला माहीत होतं. उपास आणखी वाढवील, स्वतःला कधी माफ करणार नाही.

“पळाले, मम्मी,” तो म्हणाला. “सुळ्‌कन पळाले.”

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी सातला स्कूटी वाजली, तेव्हा तो फाटकातच उभा होता.

“सुलक्षणा... टब सांडले. माझ्या हातून.”

तिला आधी कळलंच नाही. मग ती आत धावली. टबांकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

“सहाही?”

“सहाही.”

“एकाच वेळी?”

“...हो.”

“टब ओट्यावर होते की तुझ्या डोक्यावर? एक सांडला म्हणालास तर मानेन मी. सहा सांडत नाहीत, रोनक. सहा ओतावे लागतात.”

काय बोलणार? खरं बोललं तर आई मरते, न बोललं तर हे दोघांमधलं नातं मरतं.

“कोणी सांगितलं? शेठनी? नोंद पुरी झाली तर माल खपणार नाही म्हणून? मला म्हणाला असतास तर मीच टब उचलून नेले असते.” तिने वही उचलून छातीशी धरली. “तुम्ही दुकानात जे विकता ते विका. खोटं मला विकू नका, रोनकशेठ.”

तुम्ही. शेठ. एका वाक्यात ती महिनाभराचं अंतर मागे गेली. फाटक वाजलं, स्कूटी वाजली, आणि सोनगीरच्या त्या अंगणात सात वाजले तरी काही उजाडल्यासारखं वाटेना.

पण हातावर हात धरून बसून राहणाऱ्यांतला तो नव्हता. त्याच दुपारपासून दुकान शेठवर टाकून हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवायला लागला. ज्याने आयुष्यात बेडकाला हात लावला नव्हता तो मेंढपाळांना विचारत फिरला, “दादा, बेडूक कुठे ओरडतात हल्ली?” लोकांना वाटलं, शेठचा पोरगा कामातून गेला. तिसऱ्या दिवशी सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक लहानसं टाकं सापडलं. वर डोंगरच होता, कुठलंही शेत त्यात उतरत नव्हतं. आणि पाण्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखी बेडकांची अंडी तरंगत होती. त्याने तिला तीन वेळा फोन केला. तिने तीनही वेळा कट केला.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल त्याची माफी. शेठनी दरवर्षीप्रमाणे दुकानाच्या फोनवरून सगळ्या गिऱ्हाइकांना एकगठ्ठा संदेश पाठवला: ‘जाणते-अजाणतेपणी आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्. रिखबचंद व परिवार. कापसावरील सर्व औषधं मिळतील.’

चार थेंब नेणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबरही त्या यादीत होता!

दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘कशाबद्दल? नेमकं लिहा.’

शेठ चष्मा वर करून म्हणाले, “ही कोण रे? माफीचं सुद्धा बिल मागतेय.”

रोनकने ते वाचलं आणि त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. वर्षभराची माफी मागायचा दिवस, आणि हा घरात आईशी खोटं आणि दारात हिच्याशी खोटं घेऊन बसलेला. आत पारणं चाललं होतं. नणदा-जावांनी तारादेवींना वाटीतून मुगाचं पाणी पाजलं. आठ दिवसांनी पोटात काही गेलं. ते पाणी पोटात स्थिरावेपर्यंत तो थांबला. मग बायका बाहेरच्या खोलीत गेल्या तसा तो आईच्या पायाशी बसला.

“मिच्छामि दुक्कडम्, मम्मी. मी खोटं बोललो. ते पळाले नव्हते.”

आणि त्याने सगळं सांगितलं. थेंबांपासून नाल्यापर्यंत. त्या मुलीचं वर्ष, तिची चाळीस दिवसांची नोंद, त्याने स्वतःवर घेतलेला आळ, आणि किल्ल्याखाली सापडलेली अंडी.

तारादेवींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग त्यांनी आतूनच हाक मारली, “ऐकता का? लाल त्रिकोणाच्या बाटल्या आता नव्या मागवायच्या नाहीत.”

“बघू,” बाहेरून शेठ म्हणाले. आता तारादेवींसमोर शेठचं ‘बघू’ म्हणजे ‘हो’च असतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे.

“आणि तू गाडी काढ,” त्या रोनकला म्हणाल्या. “आधी कुठे अंडी सापडलीत म्हणालास तिथे. मग त्या मुलीकडे.”

“मम्मी, आजच पारणं झालंय, चक्कर येईल—”

“माफी उद्यावर ठेवत नाहीत.”

सोनगीर ते देवपूर, अख्खा रस्ता तारादेवी किल्ल्याखालच्या टाक्यातल्या अंड्यांची, पाण्याने अर्धी भरलेली बादली मांडीवर धरून बसल्या. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी तिला कवटाळत होत्या. “हळू रे,” एवढंच म्हणत होत्या.

सुलक्षणाने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. रोनकला बघून ती दार लावणारच होती, तेवढ्यात मागे तारादेवी दिसल्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि त्या पोरीपुढे, लेकीच्या वयाच्या पोरीपुढे, हात जोडले.

“मिच्छामि दुक्कडम्, बेटी. टब ह्यानं नाही ओतले. मी ओतले.”

“आई, अहो—” तिने घाईने ते हात धरले.

“मी त्यांना त्यांच्या पाण्यात सोडलं. ते पाणी आता त्यांचं राहिलेलं नाही हे मला ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षं जीव वाचवतेय म्हणत होते, आणि पुढच्या दुकानात हेच विष...” मग श्वास घेऊन त्या म्हणाल्या, “हा माझ्यासाठी खोटं बोलला. आणि तुझ्यासाठी आज माझ्याशी खरं बोलला. आता काय शिक्षा द्यायची ती तू ठरव.”

सुलक्षणाने त्यांना आत नेऊन पलंगावर बसवलं, पाठीशी उशी दिली. मग वाकून पायाला हात लावला. “तुमचं काही चुकलं नाही, आई. प्रयोगाआधी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. तुमची माफी मीच मागते.”

“आणि तुझं वर्ष?”

“सर म्हणाले, विषाच्या टबांची सत्तावीस दिवसांची नोंद पुरेशी आहे. फक्त चांगल्या पाण्याचा टब चाळीस दिवस पुरा दाखवायला हवा. पण आता अंडीच—” तिची नजर बादलीकडे गेली. ती गुडघ्यांवर बसली. वाकून बघितलं. “कुठे मिळाली?”

“किल्ल्याखाली,” रोनक दारातूनच म्हणाला. “तिथे शेतांचं पाणी येत नाही. तीन दिवस शोधलं. फोन केला होता... तीनदा.”

“ह्यांना थेंब घालणार नाहीस ना गं?” तारादेवींनी विचारलं.

“एकही नाही. वाढवायचे, आणि चाळिसाव्या दिवशी त्याच टाक्यात सोडायचे. तुमच्या हातानं.”

तारादेवींनी डोळे मिटले. उपासाचा शीण आता जाणवायला लागला होता, त्या भिंतीला टेकून तशाच पडून राहिल्या. झोपल्या की झोपेचं सोंग घेतलं, देव जाणे. आया असतात शहाण्या.

सुलक्षणा बाहेर ओट्यावर आली. पांझरा नदीवरून ओला वारा येत होता.

“येडा शेस का तू?” ती एकदम उसळली. “मला एका शब्दानं सांगता आलं नसतं?”

“आई पाच दिवसांची उपाशी होती.”

“आणि मी? मी किती रडले माहितीये? तुझ्यासाठी रडले, टबांसाठी नाही. टब काय, पुन्हा मांडता येतात...” ती थांबली. जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली होती, आणि आता ते परत घेता येत नव्हतं.

रोनक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “सुलक्षणा, मला तू आवडतेस. त्या पहिल्या दिवसापासून. त्या ‘ताई’च्या पुढच्या क्षणापासून म्हण हवं तर. तुझ्या आबांना काय वाटेल, आमच्या लोकांत काय गदारोळ होईल, मला काही ठाऊक नाही. पण तुझ्याशी मी पुन्हा कधी खोटं बोलणार नाही.”

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “ते तुमचं मिच्छामि दुक्कडम्... समोरच्यानं त्याला काय म्हणायचं असतं?”

“तेच. समोरचाही तेच म्हणतो.”

“म्हणजे मीही माफी मागायची? मी काय केलं?”

“कळत-नकळत मन दुखावलं असेल ना.”

“नकळत काही नाही हं. चांगलं कळून सवरून, तुला गेले तीन दिवस अहिराणीत शिव्या घातल्यात. खमंग.” ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. “बरं. त्याचं मिच्छामि दुक्कडम्. आणि यापुढे जेवढ्या घालीन त्यांचीही माफी आत्ताच मागून ठेवते. आयुष्यभराच्या.”

रोनकला ते उमगायला जरा वेळ लागला. “तसं... तसं आगाऊ चालत नाही. ही माफी वर्षाचीच असते. दरवर्षी नव्यानं मागावी लागते.”

“मागेन की दरवर्षी,” सुलक्षणा म्हणाली. “तू फक्त समोर राहा.”